रेस अडकली तर? कन्नड घाट, एक जुनी एमजी आणि माझी चुकलेली दोन दिवसांची मेहनत

(हेडफोन हरवलेल्यांसाठी आणि 'वाचायला द्या ना भाऊ' म्हणणाऱ्यांसाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना मी 'म्हणजे' हा शब्द किती वेळा म्हणतो ते लिहायला बसल्यावर कळलं. निम्मे काढलेत, उरलेले गोड मानून घ्या.)

चाळीसगावातून बोलतोय. मागे पावसाचा आवाज येईल, गॅरेजचा पत्रा आहे, त्याला इलाज नाही.

आजचा विषय एका वाक्यात सांगतो. तुम्ही उतारावर आहात, रेस सोडली आहे, पाय पूर्ण वर आहे, आणि इंजिन मात्र ओरडतंच आहे. गाडी हळू व्हायचं नाव घेत नाही. समोर वळण. हे माझ्याबाबतीत झालं, कन्नड घाटात, आणि गाडी माझी नव्हती. ती होती एक लाल, दोन सीटची, वरून उघडी एमजीबी. पन्नास वर्षांपेक्षा जास्त वयाची.

आता एमजी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर हेक्टर येते. बरोबर आहे, २०१९ पासून आपल्याकडे ती दिसते. पण एमजी म्हणजे मुळात मॉरिस गॅरेजेस, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डचं दुकान. १९२० च्या दशकात तिथल्या सेसिल किंबर नावाच्या मॅनेजरने साध्या मॉरिस गाड्यांना स्पोर्ट्स बॉडी घालून विकायला सुरुवात केली. त्यातून पुढे जो ब्रँड झाला त्याची सगळ्यात गाजलेली गाडी म्हणजे एमजीबी. १९६२ ते १९८०, ॲबिंग्डनच्या कारखान्यात पाच लाखांहून जास्त बनल्या. इंजिन १७९८ सीसी, चार सिलिंडर, दोन कार्बोरेटर.

आणि आता ऐका, हे मला मामांनी सांगितलं तेव्हा मी विश्वासच ठेवला नव्हता. हे इंजिन आपल्या ॲम्बॅसिडरच्या पेट्रोल इंजिनाचं सख्खं भावंड आहे. दोन्ही बीएमसी कंपनीच्या 'बी सिरीज' घराण्यातली. ॲम्बॅसिडरचं १४८९ सीसी. एमजीबीच्या आधीची एमजीए नावाची स्पोर्ट्स कार १९५५ ला आली, तिचं इंजिनही १४८९ सीसीच. म्हणजे ज्या इंजिनावर इंग्लंडमधली पोरं शर्यती लावत होती, त्याच घराण्याच्या इंजिनावर आपल्याकडे कलेक्टर साहेबांची पांढरी गाडी आणि लग्नातली नवरदेवाची गाडी चालत होती. म्हणून ही एमजी आमच्या दारात आली तेव्हा मी घाबरलो, मामा नाही. बॉनेट उघडून त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "हाई तं आपली आंबेसिडर शे रे."

गाडीचे मालक धुळ्याचे, रिटायर्ड, त्यांना मी काका म्हणतो. गाडी रीतसर विंटेज म्हणून नोंदवलेली. २०२१ मध्ये केंद्राने नियम बदलले तेव्हापासून पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना वेगळी नोंदणी मिळते. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' अशी अक्षरं येतात. नवीन नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांसाठी. पण रोज भाजी आणायला ती गाडी काढता येत नाही बरं का. प्रदर्शन, विंटेज रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, अशा कामांपुरतीच रस्त्यावर. काका तशाच एका प्रदर्शनाला संभाजीनगरला गेले होते. धुळ्याहून जायचं म्हणजे चाळीसगाव आणि पुढे कन्नडचा घाट, ज्याला जुनी माणसं औट्रम घाट म्हणतात. जाताना चढ, येताना उतार. येताना उतारावर रेस अडकली. काकांनी क्लच दाबला, चावी बंद केली, हॅन्डब्रेक ओढत ओढत कडेला लावली. एका टेम्पोवाल्याने दोरी बांधून आमच्यापर्यंत आणली. काकांचे हात तेव्हाही थरथरत होते. चहाचा कप बशीत वाजत होता, ते मला अजून आठवतं.

तर आधी हे समजून घेऊ की रेस दिली की नेमकं होतं काय.

पेट्रोल इंजिनाला तुम्ही पाय दाबून पेट्रोल देत नाही. तुम्ही हवा देता. कार्बोरेटरच्या नळीत एक पितळेची गोल चकती असते, मधून आडवी दांडी गेलेली, नाण्याएवढी किंवा थोडी मोठी. तिला आम्ही बटरफ्लाय म्हणतो. दांडी फिरली की चकती उघडते, हवा जास्त जाते, हवेबरोबर पेट्रोल ओढलं जातं. पाय काढला की स्प्रिंग चकती बंद करते. तुमचा पाय ते ही चकती, यांच्या मधला सगळा प्रकार म्हणजे थ्रॉटल लिंकेज. पेडल, तार किंवा सळी, कप्पे, बिजागऱ्या, क्लॅम्प, स्प्रिंगा. दिसायला काहीच नाही. पण लक्षात घ्या, उघडायला तुमच्या पायाची ताकद आहे आणि बंद करायला फक्त एक बारीक स्प्रिंग. म्हणून बिघाड झाला की बहुतेक वेळा 'बंद न होण्याचाच' होतो. हे मला कधीच नीट पटलेलं नाही, पण डिझाइन तसंच आहे, तुमच्या बाईकमध्येसुद्धा.

एमजीबीला एसयू नावाचे कार्बोरेटर, दोन. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. स्किनर बंधूंचं घराणं मूळचं चपला-बुटांच्या धंद्यातलं, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कार्बोरेटरमध्ये भाता होता चामड्याचा! नंतर त्याच्या जागी धातूचा पिस्टन आला. एसयूची गंमत अशी की तुमचा पाय फक्त बटरफ्लायला हुकूम देतो. पेट्रोलची सुई ज्या पिस्टनला लावलेली असते तो पिस्टन इंजिनाच्या ओढीने आपोआप वरखाली होतो. म्हणून 'रेस खाली येत नाही' अशी तक्रार आली की पहिला प्रश्न हा नाही की कार्बोरेटर खराब आहे का. पहिला प्रश्न असा: चकती खरंच बंद होतेय का?

दोन वेगळे आजार आहेत हे. चकती उघडी राहतेय, तर दोष यंत्रणेत, म्हणजे तार, सळी, स्प्रिंग, पेडल. चकती पूर्ण बंद आहे आणि तरी इंजिन जोरात चालतंय, तर हवा दुसरीकडून शिरतेय. मॅनिफोल्डचं पॅकिंग फाटलेलं असतं, कार्बोरेटरच्या दांडीचे बूश झिजलेले असतात. किंवा हवेचा काही संबंधच नसतो, डिस्ट्रिब्युटरमधली वजनं त्यांच्या थकलेल्या स्प्रिंगांमुळे मागे येत नाहीत आणि स्पार्क लवकर पडत राहतो. तिन्हींचा आवाज कानाला सारखाच.

आता माझी चूक सांगतो. मला इंटरनेटवरून एक गोष्ट माहीत होती. नंतरच्या काही एसयूंमध्ये त्या चकतीतच एक छोटासा स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह बसवलेला असतो, उतारावर रेस सोडल्यावर थोडी हवा आत जाऊ द्यायला. त्याची स्प्रिंग थकली की तो उघडाच राहतो आणि स्लो खाली येत नाही. मला वाटलं, हेच! उतारावर होतंय ना? मग हेच. दोन्ही कार्बोरेटर खोलले. एका चकतीत तो व्हॉल्व्ह होता, आणि खरंच सैल होता. मी खूश. तो बंद केला, दांड्या साफ केल्या, डॅशपॉटमध्ये वीस नंबरचं तेल घातलं, पिस्टन उचलून सोडला की 'टक' असा स्वच्छ आवाज येतो का ते पाहिलं. आला. दोन दिवस गेले. गाडी चालू केली, स्लो एकदम सुंदर, आठशेवर. भडगाव रोडला दहा-बारा किलोमीटर मारून आलो. मक्खन.

काकांना फोन लावणार तेवढ्यात मामा म्हणाले, "घाटात अडकली होती ना? मग घाटात नेऊन दाखव."

मी म्हटलं, मामा, सगळं तपासलंय. त्यावर ते काहीच बोलले नाहीत, फक्त जाऊन डाव्या सीटवर बसले.

चढताना गाडीने जीव लावला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या गिअरमध्ये वळणं घेत, वर उघडं आभाळ, बाजूला गौताळ्याचं जंगल. वर पोचलो, गाडी वळवली, चहासुद्धा न घेता लगेच खाली निघालो. मामांनीच सांगितलं होतं, थांबू नको, गरमच राहू दे. उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये होतो. एका ट्रॅक्टरला ओलांडायला रेस दिली, सोडली, आणि काटा तीन हजारावरून हललाच नाही.

पहिलं मी काय केलं? जे ऐकलं होतं तेच. बुटाचा पंजा पेडलखाली घालून पेडल वर उचलायचा प्रयत्न. आणि तिथे माझ्या पोटात गोळा आला, कारण पेडल आधीच वर आलेलं होतं. माझा पाय, पेडल, सगळं सुटलेलं, आणि इंजिन तरी ओढतंय.

मामांनी आवाज न चढवता एवढंच म्हटलं, "क्लच." मी क्लच दाबला. इंजिन एकदम किंचाळलं, कारण आता त्याच्यावर ओझं उरलं नाही. मग चावी एक घर मागे. एकच घर. इंजिन बंद. ब्रेकवर गाडी आवरत कडेच्या मोकळ्या जागेत लावली. ट्रॅक्टरवाला हॉर्न देत पुढे गेला, त्याला काय माहीत.

इथे थोडं थांबून हे नीट सांगतो, कारण आजच्या भागातलं तुमच्या कामाचं हेच आहे, तुमच्याकडे एमजी असो की जुनी स्प्लेंडर.

रेस अडकली तर इंजिनाचा चाकांशी संबंध तोडा. गिअरच्या गाडीत क्लच, ऑटोमॅटिकमध्ये न्यूट्रल. इंजिन ओरडेल, ओरडू द्या. इंजिन फुटेल या भीतीने क्लच परत सोडणारे असतात, तसं अजिबात करू नका. मग ब्रेक एकदाच घट्ट दाबा आणि दाबूनच ठेवा. पंपासारखा मारू नका. कारण ब्रेकला मदत करणारा जो सर्व्हो असतो तो इंजिनाच्या ओढीवर चालतो, आणि चकती उघडी असली की ती ओढ जवळजवळ संपते. सर्व्होत साठलेली मदत दोन-तीन दाबांत खलास. त्यानंतर ब्रेक दगडासारखा लागतो. मग चावी, पण पूर्ण मागे नाही. शेवटच्या घरात गेली की बऱ्याच गाड्यांचं स्टेअरिंग लॉक होतं, आणि घाटात स्टेअरिंग लॉक होणं म्हणजे काय ते सांगायला नको. बटन-स्टार्टच्या गाडीत चालू असताना बटन नुसतं टिचकी मारून बंद होत नाही, साधारण तीन सेकंद दाबून धरावं लागतं. तुमच्या गाडीचं पुस्तक उघडून बघा एकदा, काढलंय का कधी प्लास्टिकमधून? बाईकवाल्यांनो, क्लच आणि लाल किल स्विच. बिनगिअरच्या स्कूटरवाल्यांना क्लच नाही, त्यामुळे तुमच्याकडे ब्रेक आणि चावी, एवढंच.

आणि हो, पायाखालचं मॅट. हसू नका. २००९ मध्ये अमेरिकेत टोयोटाने लाखो गाड्या परत बोलावल्या, त्यातलं एक मोठं कारण म्हणजे पेडल अडकवणारं पायपुसणं. आपल्याकडे तर एकावर एक तीन मॅट घालायची हौस असते, वरचं मखमलीचं.

परत घाटात येऊ. गाडी कडेला, बॉनेट वर. इंजिन बंद होतं, पण गरम. मामा म्हणाले, "आते पाय. गार होवाच्या आत." आणि त्यांनी फक्त एक काम केलं. कार्बोरेटरच्या टोकाला जिथे तार येऊन मिळते तिथला क्लॅम्प सैल करून तार सोडवली. त्याच क्षणी दोन्ही चकत्या 'खट्ट' बंद झाल्या. स्प्रिंगा ठणठणीत. दांड्या ठणठणीत. मी दोन दिवस ज्याची पूजा केली तो कार्बोरेटर निर्दोष.

मित्रांनो, लिंकेजचा बिघाड शोधायची ही एकच खरी युक्ती आहे. मधून तोडा. जिथे पायाची बाजू आणि कार्बोरेटरची बाजू जोडली जाते तिथे सोडवा, आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या हाताने हलवा. अडखळतेय ती बाजू दोषी. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि मी ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पण त्या दिवशी केलं असतं तरी कदाचित सापडलं नसतं, कारण त्या दिवशी गाडी गार होती.

तार बघा काय झाली होती. या इंजिनाला कार्बोरेटर आणि सायलेन्सरचा मॅनिफोल्ड दोन्ही एकाच बाजूला, डावीकडे. वर कार्बोरेटर, खाली तापलेला मॅनिफोल्ड, मध्ये एक पत्र्याची ढाल. पेडल उजवीकडे. म्हणजे तार उजवीकडून पूर्ण आडवी डावीकडे येते. मूळची तार खराब झाल्यावर कधीतरी कुणीतरी त्याजागी मोटारसायकलची तार टाकली होती. कुणी ते काकांनाही माहीत नाही, आणि टाकणाऱ्याने वाईट हेतूने टाकली असं मी म्हणणार नाही, नड होती म्हणून टाकली असेल. पण ती दोन गोष्टींत चुकली. एक, लांबी जास्त, म्हणून उरलेला भाग वळसा घालून ढालीच्या कडेला, मॅनिफोल्डच्या अगदी जवळ लोंबत होता. दोन, बाईकच्या त्या तारेला आत प्लास्टिकची नळी होती. बाईकवर ती फार चांगली, तेल न घालता गुळगुळीत चालते. पण घाट चढून आलेल्या मॅनिफोल्डजवळ ते प्लास्टिक मऊ पडतं, आतल्या तारेला धरून बसतं. खाली येऊन गाडी गार झाली की पुन्हा कडक होतं आणि तार सुटते. गॅरेजमध्ये सगळं ठीक, सपाट रस्त्यावर ठीक, घाटात जिवाशी खेळ.

आणि पेडल वर का आलं होतं, तर या गाडीत पेडलला स्वतःची वेगळी स्प्रिंग आहे, आणि तार फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. पेडल सुखाने वर आलं, तार मात्र अर्ध्यात अडकून चकती उघडी धरून बसली. मामा सांगतात की पद्मिनीमध्ये सळ्यांची जोडणी असायची, बॉल जॉइंटवाली. सळी ओढते तशी ढकलतेही. तिथे पंजाने पेडल उचललं तर चकती बंद व्हायची शक्यता असते. तारेच्या गाडीत ती युक्ती निम्म्या वेळा फुकट जाते. मी ज्या व्हिडिओतून ती युक्ती शिकलो होतो त्यात हा फरक सांगितलेला नव्हता.

सळीचं स्वतःचं दुखणं वेगळं, तेही सांगून टाकतो, कारण तुमच्यापैकी दोघा-तिघांकडे आजोबांची पद्मिनी उभी आहे असे व्हॉइस मेसेज आलेत. (कुर्ल्याला बनायच्या त्या. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदवली गेली आणि वीस वर्षं भरल्यावर २०२३ ला रस्त्यावरून उतरली, बातम्या पाहिल्या असतील.) सळीचं एक टोक बॉडीला, दुसरं इंजिनाला. इंजिनाचे रबरी माउंटिंग फाटले असतील तर गिअर टाकताना इंजिन डुलतं, आणि डुलताना सळीला स्वतःच ओढतं. मग गाडी बेडकासारख्या उड्या मारते. लोक क्लचप्लेट बदलतात, कार्बोरेटर बदलतात. माउंटिंग कुणी बघत नाही.

बरं. घाटातून त्या दिवशी आम्ही गाडी कशी खाली आणली? तार तशीच सोडवलेली ठेवली, स्लोवर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या ब्रेकवर. उतार होता म्हणून जमलं. सपाटीला आल्यावर मामांनी तारेला दुसऱ्या वाटेने वळवून, मॅनिफोल्डपासून लांब एका क्लिपला अडकवून तात्पुरती जोडली, आणि तीसच्या वेगात घरी.

दुरुस्तीत मोठं असं काही नाही. योग्य मापाची तार काकांनी बाहेरून मागवली, यायला वेळ लागला. गाडी तोवर आमच्याकडेच. तार बसवताना तीन गोष्टी मी वहीत लिहून ठेवल्या. वाट अशी की कुठेही टोकदार वळण नको आणि मॅनिफोल्डपासून जमेल तितकं अंतर. स्लोवर असताना तारेत थोडा, एखाद-दीड मिलिमीटरचा ढिलेपणा हवा, ताणलेली तार चकतीला पूर्ण मिटू देत नाही. आणि पेडल पूर्ण दाबल्यावर ते खालच्या स्टॉपला टेकलं पाहिजे, त्याच वेळी चकती पूर्ण उघडी. हे उलटं झालं, म्हणजे चकती आधी पूर्ण उघडली आणि पेडल अजून खाली जातंय, तर तुमच्या पायाचा सगळा जोर त्या बारीक तारेवर. मग तिचा एकेक धागा तुटायला लागतो, आणि तुटलेला धागा नळीत उलटा रुततो. त्यातूनही रेस अडकते, बाईकमध्ये तर सर्रास. हँडलपाशी तारेचा एक जरी धागा सुटलेला दिसला तर त्याच दिवशी बदला, शे-दोनशे रुपयांचं काम आहे.

दोन कार्बोरेटर खोलले होतेच, त्यामुळे ते एकमेकांशी पुन्हा जुळवणं आलं. हे काम मला फार आवडलं. दोन्ही दांड्यांना जोडणारी मधली दांडी असते, तिचे क्लॅम्प सैल करायचे म्हणजे दोघे मोकळे. मग रबरी नळीचा एक तुकडा घ्यायचा, एक टोक कानाला, दुसरं एका कार्बोरेटरच्या तोंडाशी. हवेचा 'सss' असा आवाज येतो. तोच दुसऱ्याचा ऐकायचा. स्लोच्या स्क्रूने दोन्ही आवाज सारखे करायचे. मामा हे डोळे मिटून करतात, मला पंधरा मिनिटं लागली. त्यानंतर मधली दांडी आवळायची, पण आवळताना तिच्या पिनेत आणि खाचेत ०.३ मिलिमीटरची फट ठेवायची, फिलर गेजची पत्ती घालून. ती फट नसेल तर मधली दांडीच चकत्या किंचित उघड्या धरते आणि तुम्ही आयुष्यभर स्लोचा स्क्रू पिळत बसता. दोन्ही बाजूंची फट सारखी नसेल तर एक कार्बोरेटर आधी जागा होतो, दुसरा नंतर, आणि रेस देताना गाडी झटका खाते. चोकच्या स्क्रूलाही अशीच थोडी मोकळीक हवी, तो चकतीला टेकून राहिला तरी हाच रोग.

मोबाइलचा उपयोग सांगायचा राहिला. अंधाऱ्या जागेत लिंकेज कसं हलतंय ते दिसत नाही, आणि पेडल दाबायला आणि बघायला एकच माणूस असतो. टॉर्च लावून फोन बॉनेटच्या कडेला टेकवा, स्लो मोशन चालू करा, इंजिन बंद ठेवून आत बसून पेडल दाबा-सोडा दहा वेळा. घाटातून आल्यावर, जुनी तार काढण्याआधी, मी तसा व्हिडिओ काढला. त्यात स्वच्छ दिसतं: पेडलकडची तार झटकन परत येते, आणि कार्बोरेटरकडचं टोक तिच्यामागून आळसटल्यासारखं, दमत दमत येतं. तो व्हिडिओ चॅनेलवर टाकलाय. फोन मॅनिफोल्डवर ठेवू नका, हे मला सांगावं लागतंय कारण एकाने तसं केलंय.

नवी तार बसल्यावर आम्ही पुन्हा घाटात गेलो. या वेळी काका चालवत होते, मी शेजारी. वर पोचल्यावर त्यांनी गाडी वळवली आणि दोन मिनिटं नुसते बसून राहिले, इंजिन चालू. मी म्हटलं, काका, मी घेऊ का खाली? त्यांनी मान हलवली, नाही म्हणाले. पहिल्या वळणाआधी त्यांनी मुद्दाम रेस दिली आणि सोडली. काटा खाली आला. दुसऱ्या वळणाआधी पुन्हा. तळाला येईपर्यंत ते दर वळणाआधी तसं करत होते. मी मोजलं नाही, पण ट्रॅफिक बरंच मागे साचलं होतं.

कुणाच्या गाडीला अशी 'फक्त गरम झाल्यावर' होणारी तक्रार असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा. पाठवताना इंजिन गरम असतानाचा आवाज पाठवा, गारचा नको.